नर्सिंगला जायचंय? आधी त्या कॉलेजचा वॉर्ड बघून या

बारावीचा निकाल लागला की मला गावाकडून फोन सुरू होतात. चुलतबहिणीची मुलगी, शेजारच्या काकूंची नात, आईच्या बचत गटातल्या कुणाची तरी भाची. प्रश्न ठरलेले असतात. नर्सिंगला टाकायचं का? जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बी.एस्सी.? कॉलेज कुठलं? नोकरी लागते का? मी स्वतः जीएनएम केलं, पुण्यात एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत काम केलं, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतर करायची पदवी) केलं आणि आता सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे. फोनवर घाईत सांगितलं की अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

कोर्सचं आधी सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असेल आणि ४५ टक्के असतील (राखीव प्रवर्गाला ४०), तर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी द्या. चार वर्षांची पदवी आहे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पुढे एम.एस्सी. करायला, शिकवायला, परदेशी जायला ती सरळ कामी येते. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींसाठी जीएनएम. हा डिप्लोमा २०१५ च्या आधी साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. मी आर्ट्सची, म्हणून जीएनएम. दोन वर्षांचं एएनएम (सहाय्यक परिचारिकेचा कोर्स) केलं तर उपकेंद्रावर आरोग्यसेविका होता येतं; गावात राहून काम करायचं असेल तर तेही चांगलं आहे, त्याला कुणी कमी समजू नये. आमच्या गावातली निम्मी पोरं उपकेंद्राच्या सिस्टरच्या हातून लस घेऊन मोठी झाली.

आता खरा मुद्दा. लोक कॉलेज बघायला जातात तेव्हा इमारत बघतात, हॉस्टेल बघतात, बस आहे का विचारतात, फी विचारतात. वॉर्ड कुणी बघत नाही. नर्सिंग पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून शिकायचं काम आहे. पुस्तकातलं कॅथेटरायझेशन पाठ करून परीक्षा पास होता येईल, पण लघवी तुंबून तळमळणारा म्हातारा समोर असताना हात चालायला हवा, आणि तो हात फक्त वॉर्डात तयार होतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार कॉलेजला किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण धरलेलं आहे. कागदावर हे सगळीकडे असतं. प्रत्यक्षात काही ठिकाणी खाटा असतात, पेशंट नसतात. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजात तपासणीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून माणसं आणून खाटांवर झोपवायचे, दुपारी जेवण देऊन परत पाठवायचे. ती मुलगी हुशार होती. तीन वर्षं तिने पुतळ्यावर इंजेक्शन दिलं. पास झाल्यावर पहिल्या नोकरीत तिचे जे हाल झाले ते मी जवळून पाहिलेत, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता.

म्हणून प्रवेश घेण्याआधी एका सकाळी, कुणाला न सांगता, त्या रुग्णालयात जा. ओपीडीच्या वेळेला केसपेपरची रांग किती आहे बघा. महिन्याला बाळंतपणं किती होतात ते विचारा. मग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुली सापडतील, त्यांना विचारा: तू स्वतःच्या हाताने सलाईन लावतेस का? राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) किती टाकल्यास? प्रसूती किती केल्यास, की नुसत्या बघितल्यास? मुली खरं सांगतात. कॉलेज परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत त्या वर्षासाठी आहे का, हेही वेबसाइटवर स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलमधला फोटो बघू नका. आणि ‘हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगून परराज्यातली सीट विकणारा कुणी भेटला तर तिथून उठा. मराठवाड्यात, सोलापूर भागात अशा लोकांनी कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडवलेत.

माझं नशीब म्हणा, मला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं स्कूल मिळालं. हॉस्टेल जुनं, पाण्याची बोंब, एका खोलीत आम्ही खूपजणी. पण वॉर्ड भरलेले. पहिल्या वर्षी बेड मेकिंग, स्पंजिंग, तोंड धुणं, पाठीची काळजी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं). गावाकडून आलेल्या कितीतरी मुलींना इथेच धक्का बसतो: हे काय, हे तर मावशींचं काम! मला तेव्हा आमच्या ट्यूटर मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट फार उपयोगी पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, आणि मे २०१५ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत त्यांच्याच रुग्णालयातल्या नर्सनी त्यांना सांभाळलं. एवढी वर्षं अंथरुणावर असून त्यांना बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही, याची नोंद २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आहे. मॅडम म्हणाल्या, ‘कुशी बदलणं, चादरीची घडी सरळ करणं, पाठ कोरडी ठेवणं, एवढंच केलं त्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या केलं.’ त्यानंतर मी दर दोन तासांनी कूस बदलायला कधी कंटाळले नाही. अर्धांगवायूच्या पेशंटच्या माकडहाडावर बोट दाबून बघायचं: लाली दाबल्यावर पांढरी पडते का, की तशीच राहते? तशीच राहिली तर जखम आत सुरू झाली आहे. हे बोट दाबायला डॉक्टर येत नाही. ते आपलं काम.

इंग्रजीचा बाऊ करू नका, पण तयारी ठेवा. मी मराठी माध्यमाची. पहिले काही महिने ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की रडू यायचं. उपाय एकच केला: रोज वॉर्डात जी औषधं दिली त्यांची नावं वहीत लिहायची, शेजारी मराठीत काम, डोस, आणि देताना काय बघायचं. डिगॉक्सिनच्या आधी नाडी मोजायची, ६० च्या खाली असेल तर द्यायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. फ्युरोसेमाइड दिलं की लघवी मोजायची आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवायचं. पेशंटच्या चेहऱ्यासकट लक्षात राहिलेलं औषध विसरत नाही. गणिताचंही तसंच. पाचशे एमएलची बाटली आठ तासांत द्यायची, सेट वीस थेंबांना एक एमएल देणारा. पाचशे गुणिले वीस भागिले चारशे ऐंशी मिनिटं: मिनिटाला एकवीस थेंब. मग घड्याळ धरून चेंबरमधले थेंब मोजायचे. आर्ट्सच्या मुलींना हे जमतं, मी छातीठोकपणे सांगते.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट कॉलेजने सांगो न सांगो, स्वतः करा: हिपॅटायटिस बीची लस. तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात टाकायची. आणि सुई टोचलीच तर बोट दाबत, चोखत बसायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीची औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात. लपवू नका.

लेबर रूमबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण मी नर्स तिथे झाले असं मला वाटतं. केसबुक (प्रात्यक्षिकांची नोंदवही) भरायला प्रसूती कराव्या लागतात, आणि चांगल्या ठिकाणी त्या खरोखर करायला मिळतात. माझ्या पहिल्या प्रसूतीला तिथल्या सीनियर सिस्टर माझ्यामागे उभ्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, आवाज करडा. बाई पहिलटकरीण होती, वयाने माझ्याएवढीच. डोकं दिसायला लागल्यावर सिस्टरनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बाईला म्हणाल्या, ‘आता जोर लावू नको गं, तोंडाने श्वास सोड. फू फू कर.’ डोकं हळू बाहेर आलं. मानेभोवती नाळ आहे का, बोट घालून बघितलं. मग खांदे, आणि मग बाळ एकदमच हातात येतं. ते निसरडं असतं, हे कुठल्याच पुस्तकात पुरेसं सांगितलेलं नाही. आईच्या पोटावर ठेवून कोरडं केलं, रडलं. दुसरं बाळ नाही ना हे पोट चाचपून बघितलं आणि मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन दिलं. मला वाटलं, झालं.

सिस्टर म्हणाल्या, ‘वार बघ.’ वार ट्रेमध्ये होती. त्यांनी ती पसरून दोन्ही तळव्यांवर घ्यायला लावली. ‘पूर्ण आहे का?’ मी म्हणाले, हो. ‘कशावरून?’ मग त्यांनी एकेक पाकळी जुळवून दाखवली, कडा कुठे फाटली आहे का, पडदे पूर्ण आहेत का, नाळेत रक्तवाहिन्या तीन आहेत का. एक तुकडा आत राहिला तर तास-दोन तासांत बाई रक्तात न्हाऊन निघते, आणि आपल्याकडे आजही बाळंतपणात मरणाऱ्या बायकांचं मोठं कारण रक्तस्रावच आहे. नंतर त्या बाईचं पोट दर पंधरा मिनिटांनी चाचपायला त्यांनी मलाच बसवलं. गर्भाशय कडक लागतंय की मऊ पडलंय, हे तेव्हा हाताला कळलं ते आजतागायत हातात आहे. अशी एक सीनियर मिळाली की तीन वर्षांची फी वसूल होते. इमारत बघू नका म्हणते ती त्यासाठी.

पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची, तेव्हा तुम्ही रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ होता. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, त्यासाठी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. नोंदणीशिवाय कुणी कामावर घेत असेल तर जाऊ नका. पुढे काही घडलं तर तुम्हाला वाचवणारा कागद तुमच्याकडे नसेल.

पहिली नोकरी. इथे माझं मत बऱ्याच जणींना पटत नाही, तरी सांगते: पहिलं वर्ष पगारावर निवडू नका, शिकवणारं कोण आहे त्यावर निवडा. याचा अर्थ पगार कमी घ्या असा मुळीच नाही. खासगी रुग्णालयांतल्या नर्सची पिळवणूक होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच मान्य केलं आहे. २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाने सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांत तो सरकारी पगारापेक्षा फार तर दहा टक्क्यांनी कमी असावा, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्क्यांनी, आणि अगदी छोट्या रुग्णालयातही २० हजारांच्या खाली नसावा, अशी शिफारस आहे. माझा पहिला पगार या आकड्याच्या खाली होता आणि अजूनही कितीतरी मुलींचा आहे. हे आकडे तोंडपाठ ठेवा आणि मुलाखतीत नम्रपणे बोलून दाखवा. आणखी एक: मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. बॉन्डच्या नावाखाली मार्कशीट अडवून ठेवण्याला परिचर्या परिषदेचा विरोध आहे, तरी हा प्रकार सर्रास चालतो. आमच्यातल्या एकीला तिची कागदपत्रं परत मिळवायला वडिलांना घेऊन खेटे घालावे लागले, आणि त्या नादात सरकारी भरतीचा अर्ज हुकला.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. नव्या नर्सला किती दिवस सीनियरबरोबर ठेवता? आयसीयूत एका नर्सकडे किती पेशंट? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक नर्स हवी. ‘पहिल्या दिवसापासून सांभाळावं लागेल’ असं उत्तर आलं, तर तिथे शिकायचं नाही, फक्त निभवायचं आहे, हे समजून घ्या.

मला पुण्यात केरळच्या एक सीनियर मिळाल्या. सगळ्या त्यांना चेची म्हणायच्या. मराठी मोडकं, हिंदी त्याहून मोडकं, पण शिकवायची हातोटी काय सांगू! मॉनिटरचा अलार्म वाजला की मी स्क्रीनकडे धावायचे. त्या म्हणायच्या, ‘पहले पेशंट देखो, बाद में मॉनिटर.’ पेशंट बोलतोय, ओठ गुलाबी आहेत, हात गरम आहे, तर बहुतेक बोटावरचा प्रोब निसटलाय. आणि मॉनिटर गप्प असून पेशंट घामाने डबडबलेला, उगाच अस्वस्थ झालेला, ‘सिस्टर, कसंतरी होतंय’ म्हणतोय, तर डॉक्टरांना तेव्हाच बोलवायचं.

इन्सुलिन काढताना त्या दरवेळी दुसऱ्या नर्सला कुपी आणि सिरिंज दोन्ही दाखवायला लावायच्या. आपल्याकडे कुपीत बहुधा एका एमएलला ४० युनिट असतात, त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटचं इन्सुलिनही मिळतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर पेशंटला अडीचपट डोस जातो. पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल त्यांनी वेगळ्या कप्प्यात कुलपात ठेवली होती. ते कधीही सरळ शिरेत ढकलायचं नाही, पातळ करून हळूच द्यायचं, नाहीतर हृदय थांबतं. आज मी माझ्या वॉर्डात नव्या मुलींना हेच करायला लावते, त्यांना राग आला तरी.

ओव्हर घेणं, म्हणजे आधीच्या पाळीच्या नर्सकडून पेशंट ताब्यात घेणं, हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. पाळी बदलताना डेस्कवर उभं राहून कागद वाचून ओव्हर घेऊ नका. प्रत्येक खाटेजवळ जा, सलाईनची जागा सुजली आहे का बघा, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी आहे का बघा, ड्रेसिंग ओलं आहे का बघा. घरी जायची घाई असलेल्या सिस्टर चिडतात. चिडू द्या. खाट सोडून त्या गेल्या की जे काही आहे ते तुमचं.

सरकारी नोकरीसाठी अभ्यास पहिल्या नोकरीतच सुरू ठेवा. राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, केंद्रात नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० पासून, भत्ते वेगळे. एम्सची नॉरसेट परीक्षा २०२० पासून सगळ्या एम्ससाठी एकत्र होते, आणि त्यात नागपूरचं एम्सही येतं. बी.एस्सी.वाल्यांना ती लगेच देता येते; जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून अनुभवाचं प्रमाणपत्र घेताना त्यावर खाटांची संख्या, तारखा आणि पद लिहून घ्या. मुलांनाही सांगते, कारण ‘ब्रदर’ व्हायचं म्हटलं की घरचे हसतात: या आणि अशा भरतीत मुलांच्या जागा कमी असतात, एम्समध्ये ८० टक्के मुली आणि २० टक्के मुलं असं प्रमाण आहे. जास्त अभ्यास करावा लागेल, पण माझ्या बॅचमधला जो मुलगा लागला तो आज आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे.

परदेशाचं मला स्वतःला ठाऊक नाही एवढं, जवळच्या मैत्रिणी गेल्या आहेत. आखाती देशांना प्रोमेट्रिक परीक्षा, अमेरिकेला एनक्लेक्स परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषेची बी-२ पातळी. २०२४ मध्ये आपल्या राज्य शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनच्या क्लासचं पेव फुटलंय. क्लास लावा, पण दोन-तीन वर्षं वॉर्डात काढून मगच जा, आणि एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

शेवटी फोनवर आया आवाज खाली करून विचारतात ते: रात्रपाळी, आणि लग्न. आमच्याकडे सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ आणि रात्रपाळी आठ ते आठ. रात्री आमच्या वॉर्डात साठ पेशंट आणि दोन नर्स असतात, काही वेळा नातेवाईक अंगावर धावून येतात. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे, पण रात्री दोन वाजता कायद्याआधी सुरक्षारक्षक लागतो. तो आहे का, हेही कॉलेज बघतानाच बघा. लग्नाचं म्हणाल तर मला बघायला आलेल्या प्रत्येक घरी मी ड्युटीचा कागद पुढे ठेवला: या महिन्यात एवढ्या रात्री, दिवाळीत सुट्टी मिळेलच असं नाही, पाडव्याला ड्युटी लागू शकते. दोन-चार ठिकाणांहून निरोप आला नाही. माझ्या सासूबाईंनी तो कागद नीट वाचला आणि विचारलं, ‘रात्रपाळीनंतर झोपायला खोली अंधारी लागते ना? मागची खोली देऊ.’ मुलीच्या आईने पत्रिकेच्या आधी हे विचारून घ्यावं.